पडद्याचा आकार कुणी ठरवला?

नवा कॉम्प्युटर घ्यायचा म्हटलं की चर्चा रंगते ती प्रोसेसर आणि रॅमची. मॉनिटर मात्र उरलेल्या पैशांत बसेल तो घेतला जातो. खरं तर दिवसभर डोळ्यांसमोर असतो तो मॉनिटरच. त्याचे आजचे आकार कामाच्या गरजेतून आले असतील असं आपण धरून चालतो, पण इतिहास चाळला तर काम करणाऱ्यांना फारसं कुणी विचारलेलं दिसत नाही.

सुरुवात होते ती कागदी कार्डापासून. आयबीएमने 1928 मध्ये 80 रकान्यांचं पंचकार्ड आणलं. पुढे पडदे आले तरी ती रुंदी सुटली नाही. 1978 च्या व्हीटी100 टर्मिनलवर, म्हणजे दूरच्या कॉम्प्युटरला जोडलेल्या पडदा-कीबोर्डवर, 80 अक्षरांच्या 24 ओळी मावत. शिवाय 132 अक्षरांची रुंद सोय होती, कारण लाइन प्रिंटरचा कागद तेवढा रुंद असे. कॉम्प्युटर दुसऱ्या खोलीत, टेबलावर नुसतं टर्मिनल. निवडीचा प्रश्नच नव्हता. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेची पीईपी 8 ही शैलीनियमावली आजही कोडची ओळ 79 अक्षरांत आवरायला सांगते. पंचकार्ड कधी डोळ्यांनीही न पाहिलेली मुलं हा नियम मुकाट्याने पाळतात.

कामाकडे बघून पडदा घडवल्याचं एक ठळक उदाहरण म्हणजे झेरॉक्स कंपनीच्या पार्क (PARC) प्रयोगशाळेतला 1973 चा आल्टो हा कॉम्प्युटर. त्याचा पडदा उभा होता, 606 बाय 808 पिक्सेलचा, कारण ऑफिसात लोक उभ्या कागदावर काम करतात. इतकी साधी गोष्ट! पण आल्टो बाजारात विक्रीला आलाच नाही.

कामानुसार निवड करायची वेळ सामान्य ग्राहकावर आली ती 1981 च्या आयबीएम पीसीमुळे. त्यात दोनपैकी एक डिस्प्ले कार्ड, म्हणजे पडद्यावर चित्र पाठवणारं कार्ड, घ्यावं लागे. एमडीए कार्डावर फक्त मजकूर दिसे, तोही एकाच रंगात, पण प्रत्येक अक्षराला 9 बाय 14 ठिपके मिळत. रंगीत सीजीए कार्डावर त्याच अक्षराला 8 बाय 8 ठिपक्यांत बसावं लागे, त्यामुळे अक्षरं जाडीभरडी दिसत. पत्रं आणि हिशेब करणाऱ्याने हिरवा पडदा घ्यायचा, खेळ आणि चित्रांच्या शौकिनाने रंगीत. दोन्ही हवं असलेल्यांनी सरळ दोन्ही कार्डं एकाच मशीनमध्ये बसवली. 1983 च्या लोटस 1-2-3 या हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये आकड्यांचा तक्ता एका मॉनिटरवर आणि त्याचा आलेख दुसऱ्यावर बघता येई. दोन मॉनिटरांची सवय ही अलीकडची चैन आहे असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

1987 च्या अ‍ॅपलच्या मॅकिंटॉश टू कॉम्प्युटरवर माउसचा बाण एका पडद्यावरून दुसऱ्यावर सहज जाऊ लागला. विंडोजमध्ये ही अंगभूत सोय यायला विंडोज 98 उजाडावं लागलं. कॉम्प्युटरवर छपाईची पानं मांडणाऱ्या डीटीपीवाल्यांनी दरम्यान पानभर उंचीचे उभे मॉनिटर वापरून आल्टोचा विचार परत आणला होता.

काम करणाऱ्याच्या बाजूने कायदा बोलला तो 1990 मध्ये. युरोपीय समुदायाच्या निर्देशात पडदा लुकलुकणारा नसावा, तो सहज वळवता-कलवता यावा आणि कीबोर्ड पडद्यापासून वेगळा असावा, अशा अटी होत्या. लॅपटॉप यातली शेवटची अट जन्मतःच मोडतो. दिवसभर लॅपटॉपवरच बसणाऱ्याने पडदा डोळ्यांच्या पातळीला आणला की कीबोर्ड खांद्यापाशी येतो, कीबोर्ड हाताशी ठेवला की मान वाकते. म्हणूनच वेगळा मॉनिटर, निदान स्टँड आणि सुटा कीबोर्ड, हा खर्च जास्त रॅमच्या आधी करावा असं माझं मत आहे.

काचेच्या जड नळ्या जाऊन एलसीडी आले आणि पडदे आडवे पसरत गेले. आधी रुंदी-उंचीचं प्रमाण 16:10, म्हणजे 1920 बाय 1200 पिक्सेल. मग साधारण 2008 नंतर 16:9, म्हणजे 1920 बाय 1080. उभ्यातल्या पिक्सेलच्या 120 ओळी गेल्या त्या टीव्हीच्या प्रमाणाशी जुळवून घेण्यात. टीव्ही आणि मॉनिटर यांची पॅनल एकाच प्रमाणात कापणं कारखान्यांना स्वस्त पडत होतं. सिनेमा बघणाऱ्याचं काही बिघडलं नाही. कोड लिहिणारे, लांब मजकूर तपासणारे मात्र कुरकुरले, आणि त्यांचं बरोबरच होतं. उंची परतायला वेळ लागला: मायक्रोसॉफ्टच्या 2014 च्या सरफेस प्रो 3 टॅबलेटने 3:2 आणलं, 2022 मध्ये एलजीने 16:18 चा जवळजवळ चौकोनी मॉनिटर काढला. उलट टाइमलाइनवर व्हिडिओ कापणाऱ्याला किंवा पन्नास रकान्यांची एक्सेल शीट चालवणाऱ्याला 21:9 चा रुंद पडदाच सोयीचा.

कॉम्प्युटर आणि मॉनिटर वेगवेगळे निवडण्यातली गोची अजून संपलेली नाही. अ‍ॅपलच्या 2020 च्या एम1 चिपवाल्या मॅकबुक एअर लॅपटॉपला वेग भरपूर, पण अधिकृतपणे बाहेरचा मॉनिटर एकच जोडता येई. 2024 च्या एम3 एअरला दोन चालू लागले, तेही झाकण मिटल्यावर. झाकण उघडं ठेवून दोन मॉनिटर चालले ते 2025 च्या एम4 एअरपासून.