रिंग फिट की फिटनेस बॉक्सिंग: ताकद वेगळी, दम वेगळा

“वहिनी, रिंग तर तुमच्याकडे आहेच. मग हा बॉक्सिंगवाला परत कशाला? तेच आहे ना?” न्यू जर्सीहून निघायच्या आदल्या आठवड्यात धाकट्या दिरांनी फोनवर विचारलं. मी म्हटलं, “भाऊजी, आणा तर खरं. तेच नाहीये ते.” फोनवर एवढंच सांगता आलं. पण नंतर हाच प्रश्न सोसायटीतल्या तिघींनी आणि ऑफिसातल्या दोघांनी विचारला, म्हणून बाकीचं इथे नीट लिहिते.

गोंधळ व्हावा अशीच परिस्थिती आहे. दोन्ही गेम निन्टेन्डो कंपनीच्या ‘स्विच’ या टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रावर चालतात, दोन्हींच्या नावात ‘फिट’ आहे, दोन्हींच्या जाहिरातीत कोणीतरी टीव्हीसमोर घाम गाळतंय. ‘फिटनेस बॉक्सिंग’ बनवला टोकियोच्या इमॅजिनियर कंपनीने, पण जपानबाहेर जानेवारी २०१९मध्ये तो निन्टेन्डोनेच विकायला आणला. त्याच वर्षी ऑक्टोबरात निन्टेन्डोचा स्वतःचा ‘रिंग फिट ॲडव्हेंचर’ आला. पुढे बॉक्सिंगचा दुसरा भाग डिसेंबर २०२०मध्ये आणि तिसरा डिसेंबर २०२४मध्ये निघाला. दुकानातल्या फळीवर ही खोकी शेजारी शेजारी असतात आणि बघणाऱ्याला वाटतं, एकाच गेमचे दोन अवतार असावेत.

खोकं उघडल्याबरोबर फरक हाताला लागतो. बॉक्सिंगच्या डबीत गेमचं नखाएवढं कार्ड, बस. रिंगच्या खोक्यात कार्डाबरोबर मोठ्या थाळीएवढं एक काळं कडं आणि मांडीला बांधायचा पट्टा असतो. कड्याला ‘रिंग-कॉन’ म्हणतात. ते दोन बाजूंना धरायला मऊ गाद्या आहेत. स्विचचा उजवा कंट्रोलर, म्हणजे उजवा जॉय-कॉन, कड्यावरच्या खाचेत सरकवायचा आणि डावा पट्ट्याच्या खिशात घालून पट्टा डाव्या मांडीवर बांधायचा. पट्टा सैल राहिला तर दहा मिनिटांत घरंगळत गुडघ्यावर येतो. सैल पायजमा किंवा सलवारीवर तो टिकत नाही, अंगाला बसणारी ट्रॅक पँट लागते. बॉक्सिंगमध्ये हे काहीच नाही. दोन मुठींत दोन जॉय-कॉन, मनगटाला त्यांचे बंद, आणि सुरू.

आता खरा मुद्दा. यंत्राला तुमचं नेमकं काय कळतं?

जॉय-कॉनमध्ये ॲक्सेलरोमीटर आणि जायरोस्कोप असतात. फोन आडवा केला की स्क्रीन आडवी होते, ती याच जोडीच्या जोरावर. हात किती झटक्याने निघाला, मूठ किती फिरली, एवढं त्यांना कळतं. हात खोलीत नेमका कुठे आहे, कोपर सरळ झालं की नाही, कमरेपासून अंग वळलं की नाही, हे कळायला त्यांच्याकडे मार्ग नाही. बॉक्सिंगमध्ये पडद्यावर खुणा वर सरकत येतात, त्या रेषेवर पोचल्या की तालावर ठोसा मारायचा: जॅब, स्ट्रेट, हुक, अपरकट. पाय पुढे-मागे ठेवून सतत डोलत राहायचं. सोफ्यावर बसून नुसतं मनगट झटकलं तरी बरेच ठोसे नोंदले जातात. माझ्या लेकीने हा शोध दुसऱ्याच दिवशी लावला. वाकून ठोसा चुकवायचा असतो तेव्हाही गेमला हात खाली आल्याचं कळतं, गुडघे वाकले का हे कळत नाही. म्हणजे बॉक्सिंगचा गेम मुळात ठेका मोजतो. मेहनत खरी करायची की नाही, हे तुमच्यावर सोडलेलं असतं.

रिंग-कॉनची गोष्ट वेगळी. कड्याच्या आत ताण मोजणारा सेन्सर आहे. कडं दोन्ही हातांनी आत दाबलं किंवा बाहेर ओढलं की ते किती वाकलं, हे त्याला कळतं. इथे झटका देऊन भागत नाही. दाबल्याशिवाय कडं वाकत नाही आणि वाकल्याशिवाय गेम पुढे जात नाही. सुरुवातीलाच तो तुम्हाला कडं जमेल तेवढं दाबायला आणि ओढायला सांगतो आणि त्यावरून तुमचं माप ठरवतो. त्यामुळे माझ्या आईचं ‘पूर्ण दाबलं’ आणि माझं ‘पूर्ण दाबलं’ वेगळं असतं, आणि तिला कमीपणा वाटत नाही. मांडीवरचा पट्टा मांडी किती आडवी झाली ते सांगतो, म्हणून बैठक अर्धवट सोडली तर तो सोडत नाही. पडद्यावर ‘आणखी खाली’ असं येतंच.

फसवणूक मात्र इथेही शक्य आहे, आणि ती जास्त घातक आहे. पट्ट्याला मांडी कळते, पाठ कळत नाही. पाठीला पोक काढून, टाचा उचलून केलेली बैठकसुद्धा त्याच्या लेखी उत्तम. या गेममध्ये योगासनंही आहेत: वृक्षासन, वीरभद्रासन, नौकासन. ज्यांनी ही आसनं कोणा जाणत्यासमोर केली आहेत त्यांना लगेच जाणवेल की गेम फक्त कड्याचा आणि मांडीचा कोन बघतोय. पहिला महिनाभर तरी बाजूला आरसा ठेवा किंवा घरातल्या कोणाला तरी बघायला बसवा, असं मी कळकळीने सांगेन.

या दोन गेमचे पूर्वजही वेगळे आहेत. निन्टेन्डोच्या ‘वी’ या आधीच्या गेमयंत्राबरोबर २००६मध्ये वी स्पोर्ट्स हा गेम आला. त्यातल्या बॉक्सिंगला एका हातात रिमोट आणि दुसऱ्या हातात नन्चक नावाचा जोडकंट्रोलर धरून हवेत ठोसे मारायचे. फिटनेस बॉक्सिंग त्या घराण्यातला. जपानमध्ये २००७च्या डिसेंबरात वी फिट आला, त्याच्याबरोबर पाटासारखा बॅलन्स बोर्ड होता. त्यात चार सेन्सर, आणि तुमचा भार कुठल्या पायावर किती, हे तो मोजायचा. रिंग-कॉन त्या पाटाच्या घराण्यातलं: हालचालीपेक्षा जोर मोजणारं. पाट पायाखालून निघाला आणि हातात आला, एवढंच.

मग शरीराला काय मिळतं? तालमीत जुनी माणसं म्हणतात, ताकद वेगळी आणि दम वेगळा. जागतिक आरोग्य संघटनेची २०२०ची मार्गदर्शक तत्त्वं हेच दोन कलमांत सांगतात. प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमणुकीचा व्यायाम करावा, आणि शिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस शरीरातल्या सगळ्या मोठ्या स्नायूंना ताण देणारा व्यायाम करावा. आपल्याकडे लोक पहिलं कलम चालून पूर्ण करतात. दुसरं कलम बहुतेकांच्या गावीही नसतं, विशेषतः चाळिशीपुढच्या बायकांच्या. फिटनेस बॉक्सिंग पहिल्या कलमात बसतो, रिंग फिट बराचसा दुसऱ्या.

हे अंगावर कसं जाणवतं ते सांगते. बॉक्सिंगचा अर्ध्या तासाचा दिवसाचा पाठ लावला की मध्ये थांबायला फारशी जागा नसते. दहाव्या मिनिटाला कपाळावर घाम, पंधराव्या मिनिटाला धाप, आणि विसाव्या मिनिटाला खांदे भरून येतात. दुसऱ्या दिवशी मांड्या मात्र ताज्यातवान्या. हातात प्रत्येकी जेमतेम ५० ग्रॅमचा कंट्रोलर असतो, त्याने दंड घडत नाहीत. म्हणून कोणी वर डंबेल धरून ठोसे मारायचा विचार करत असेल तर करू नका, कोपराला आणि खांद्याला फुकटचा झटका बसतो. रिकाम्या हातानेसुद्धा कोपर शेवटपर्यंत ताठ करू नये, हवेत ठोसा अडवायला काही नसतं.

रिंग फिटचं उलट. तो एक साहसाची गोष्ट सांगतो. ड्रॅगो नावाचा पिळदार दंडांचा ड्रॅगन आहे, त्याचा पाठलाग करायचा. रस्त्यावर जागच्या जागी धावायचं, खड्डा आला की कडं जमिनीकडे रोखून दाबायचं म्हणजे उडी बसते, शत्रू भेटला की बैठका, डोक्यावर कडं दाबणं, पोटाचे व्यायाम. शत्रूने हल्ला केला की कडं पोटावर धरून दाबायचं, तीच ढाल. व्यायामांना रंग दिले आहेत: हात लाल, पोट पिवळं, पाय निळे, योग हिरवा. शत्रूचा रंग बघून व्यायाम निवडला की मार जास्त बसतो, म्हणजे तुम्ही आपखुशीने एकच आवडता व्यायाम करत बसू शकत नाही. ही युक्ती मला फार आवडते. नावडत्या निळ्या बैठका मी निव्वळ शत्रू निळा होता म्हणून केल्यात. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या बोलतात.

पण गोष्ट म्हटली की संवाद आले, निवड आली, नाणी गोळा करणं आलं. घड्याळाचा अर्धा तास गेला तरी शेवटी गेम जो प्रत्यक्ष व्यायामाचा वेळ दाखवतो, तो माझ्या बाबतीत पंधरा-सतरा मिनिटं असतो. तो आकडा प्रामाणिक आहे, बघून वाईट वाटून घेऊ नका. उलट दोन्ही गेम जे कॅलरीचे आकडे दाखवतात त्यांच्याकडे मी फारसं बघत नाही. ते तुम्ही भरलेल्या माहितीवरून आणि हालचालीवरून बांधलेले अंदाज आहेत, त्यावर जेवणाचा हिशेब मांडू नये. रिंग फिट नाडीचे ठोके मोजतो, तेही उजव्या जॉय-कॉनच्या कॅमेऱ्यावर अंगठा ठेवून, व्यायाम संपल्यावर. तेवढ्यापुरतं ते बरं आहे.

रिंगची एक मर्यादा सहसा कोणी सांगत नाही. कडं कायम तेवढंच कडक राहतं. गेममध्ये अवघडपणा १ ते ३० असा वाढवता येतो, पण त्याने मुख्यतः आवर्तनं वाढतात. ताकद वाढवायची तर भार वाढत जावा लागतो. म्हणून वर्षभर मन लावून केलेल्या तरुण माणसाला एक दिवस डंबेलकडे वळावं लागणारच. ज्याने शाळेनंतर कधी बैठक मारली नाही, त्याला मात्र हे कडं वर्षभर पुरून उरतं.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी दोन शब्द. आम्ही सातव्या मजल्यावर राहतो. पहिल्या आठवड्यातच सहाव्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, “अगं, रात्री काय कुटतेस?” तो माझा धावण्याचा आवाज होता. रिंग फिटमध्ये यासाठी सायलेंट मोड आहे, त्यात धावण्याऐवजी गुडघ्यांत हलकं खाली-वर करायचं. आवाज बंद झाला, मांड्या जास्त दुखल्या. गुडघा किंवा कंबर दुखत असेल तर त्या भागाला सूट देणारी सोयही आहे. बॉक्सिंगमध्ये पाय जमिनीवरच डोलतात, काकूंना पत्ताही लागत नाही. गुडघ्यांनाही तो सौम्य. ज्यांचे खांदे आखडलेत त्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावं, अर्धा तास हात वर धरून ठेवणं सोपं नाही.

आईचा आणि कड्याचा वेगळाच सूर जुळला आहे. टीव्हीवर गेम न लावताही, मालिका बघताबघता नुसतं कडं दाबत बसायची सोय त्यात आहे. उजवा जॉय-कॉन आवर्तनं मोजून ठेवतो आणि नंतर गेममध्ये त्याचा मोबदला मिळतो. ड्रॅगनशी तिला काही देणंघेणं नाही. संध्याकाळची मालिका संपेपर्यंत शंभर वेळा दाबायचं, हा तिचा नेम. पिठाचा डबा हल्ली तीच उघडते, मला हाक मारत नाही.

मग एकच घ्यायचा तर कुठला? मी समोरच्याला उलट विचारते, तुमच्या आठवड्यात काय होत नाही? रोज संध्याकाळी तलावपाळीला फेऱ्या मारत असाल तर दम तुमच्याकडे आहे, रिंग घ्या. जिमला जाऊन वजनं उचलत असाल आणि पावसाळ्याचे चार महिने चालणं-धावणं बंद पडत असेल तर बॉक्सिंग घ्या. दोन्ही होत नसेल तर माझं मत रिंगला, कारण चालायला कधीही निघता येतं, पण घरात आपण होऊन बैठका मारणारी माणसं मी फार थोडी पाहिली आहेत. रोज ठरलेल्या वेळी तेच ते करायला ज्यांना आवडतं त्यांचं बॉक्सिंगशी छान जमतं. ज्यांना ‘पुढे काय होणार’ हे लागतं त्यांनी गोष्टीच्या मागे जावं.

मागवताना मात्र सावध राहा. अमेरिकेत निघाले तेव्हा रिंग फिट ८० डॉलरच्या आणि बॉक्सिंग ५० डॉलरच्या घरात होता. सेकंडहँड घेताना रिंग फिटचं नुसतं कार्ड घेऊ नका, कडं आणि पट्टा दोन्ही आहेत का ते बघा, त्यांच्याशिवाय कार्ड निरुपयोगी. घरात स्विच लाइट, म्हणजे स्विचची छोटी आवृत्ती, असेल तर तिचे कंट्रोलर सुटे होत नाहीत, दोन्ही गेमसाठी जॉय-कॉनची वेगळी जोडी लागेल. आणि २०२५मध्ये आलेला नवा स्विच २ असेल तर त्याचे जॉय-कॉन कड्याच्या खाचेत बसत नाहीत, जुनी जोडी सांभाळून ठेवावी लागते. भाऊजींना मी हेच सांगितलं होतं: बॅगेत कपडे कमी भरा, पण भाच्याच्या जुन्या स्विचचे जॉय-कॉन घेऊन या.