सीमाभागातले साधे फादर: एका सेवेची पार्श्वभूमी

बेळगाव-खानापूर भागातल्या एखाद्या वयस्कर कॅथलिक धर्मगुरूंचं निधन झालं की अंत्यविधीच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक उपासनेला, चर्च भरून जातं आणि माणसं बाहेर अंगणातही उभी राहतात. त्यात ख्रिस्ती नसलेलेही पुष्कळ असतात. आठवणी सांगायला जो उठतो तो पहिल्यांदा हेच म्हणतो की फादर फार साधे होते. कुणाला त्यांची सायकल आठवते, कुणाला त्यांनी भरलेली शाळेची फी. हा साधेपणा त्या त्या माणसाच्या स्वभावात होताच. पण या भागात फादर म्हणून राहायचं तर दुसरं काही शक्यही नव्हतं, आणि त्याची कारणं दोनशे वर्षांच्या इतिहासात सापडतात.

१८१८ साली बेळगावचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला आणि पाठोपाठ लष्कराची छावणी वसली. कॅम्पात गोऱ्या साहेबांबरोबर गोव्याहून खानसामे, पाववाले, शिंपी, बँडवाले, कारकून आले. त्यांच्या मुलाबाळांच्या बाप्तिस्म्याला, लग्नाला, मर्तिकाला पाद्री लागे. इथल्या कॅथलिक वस्तीची एक पाळंमुळं अशी छावणीत आहेत. दुसरी आहेत घाटवाटांवर. गोव्यातून मीठ, नारळ, सुपारी वर यायची आणि धान्य खाली जायचं. नंदगडसारख्या पेठा या व्यापारावर वाढल्या, आणि माल वाहणाऱ्यांच्या जोडीने घरंही इकडे सरकली. १८८८ मध्ये मुरगाव बंदराकडून घाट चढून रेल्वे आली, तेव्हा लोंढ्याला आणि कॅसलरॉकला रेल्वेतल्या ख्रिस्ती कुटुंबांची भर पडली.

म्हणजे इथला ख्रिस्ती माणूस बहुतेक पोटामागे आलेला. गोव्यातल्या जुन्या चर्चना गावच्या कोमुनिदादींचं, म्हणजे सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या गावसंस्थांचं, उत्पन्न होतं, कोंफ्रारियांचा, म्हणजे भक्तमंडळांचा, पैसा होता, फेस्ताचा म्हणजे चर्चच्या सणाचा खर्च उचलणारे भाटकार, म्हणजे जमीनदार, होते. घाटावर यातलं काहीच नव्हतं. पगारदार आणि मजूर माणसांनी रविवारी दानपेटीत जे टाकलं त्यावर चर्चचं छप्पर आणि फादरांची चूल दोन्ही चालायची. माझ्या मते इथल्या धर्मगुरूंच्या राहणीचं पहिलं कारण हेच आहे. ज्यांच्या दानावर जगायचं त्यांच्याहून वेगळं राहण्याची सोयच नव्हती, आणि चांगल्या फादरांनी तशी इच्छाही धरली नाही.

त्यात भर पडली अधिकाराच्या भांडणाची. पोर्तुगालच्या राजाकडे पूर्वेकडच्या चर्चचं पालकत्व होतं, त्याला पाद्रोआदो म्हणत. पुढे रोमने प्रोपागांदा या आपल्या संस्थेमार्फत स्वतःचे प्रतिनिधी पाठवायला सुरुवात केली आणि कोणाचं ऐकायचं यावरून पिढ्यानपिढ्या तेढ राहिली. मुंबईसह अनेक ठिकाणी एकाच शहरात दोन अधिकार नांदत होते. १८८६ च्या करारानंतर हद्दी बऱ्याचशा ठरल्या. त्याआधी, १८३४-३५ मध्ये पोर्तुगालने धार्मिक संघच बंद केले होते. फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन असे मठवासी गोव्यातून गेले आणि घाटापलीकडची कामं प्रामुख्याने गोमंतकीय धर्मप्रांतीय पाद्रींच्या, म्हणजे कुठल्या संघात नसून थेट बिशपांच्या हाताखाली असलेल्यांच्या, अंगावर पडली. पाठीशी मठ नाही, युरोपातून येणारा पैसा नाही.

अशा गोमंतकीय पाद्रींसमोर एक आदर्श मात्र आधीपासून होता. संत जुझे वाझ. जन्म १६५१ चा, बाणावलीचा. १६८१ मध्ये ते कानडा किनाऱ्यावर आले, तेव्हा तिथेही हाच अधिकाराचा वाद चालू होता. तो न पेटवता ते अनवाणी गावोगाव फिरत राहिले. १६८७ मध्ये डचांची बंदी मोडून मजुराच्या वेशात श्रीलंकेत शिरले आणि १७११ मध्ये कँडीला वारले. संतपदाची घोषणा व्हायला २०१५ साल उजाडलं.

आपल्या जास्त जवळच्या काळातले म्हणजे पूज्य आग्नेल द सौझा. हणजुण्याला १८६९ मध्ये जन्मलेले, लहानपणीच आईवडील गेलेले. काणकोणातल्या आगोंद गावी १८८७ मध्ये स्थापन झालेल्या आणि पुढे पिलारच्या नावाने ओळखल्या गेलेल्या संघात ते दाखल झाले. गोव्याच्या आतल्या भागात आणि उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या कुमठ्याला त्यांनी सेवा केली आणि शेवटची वर्षं रायतूरच्या सेमिनरीत भावी पाद्रींना घडवलं. नोव्हेंबर १९२७ मध्ये प्रवचन देतानाच कोसळले आणि २० तारखेला गेले. त्यांनी मोठी संस्था काढली नाही, ग्रंथ लिहिला नाही. त्यांच्या हाताखाली शिकून गेलेल्या पाद्रींनी त्यांची जी सवय उचलली ती होती उपास, जागरण आणि दारी आलेल्या माणसाला वेळ देणं.

बेळगावचा स्वतंत्र धर्मप्रांत, म्हणजे बिशपांच्या अधिकाराचा प्रदेश, झाला तो १९ सप्टेंबर १९५३ रोजी. भारत स्वतंत्र होऊन सहा वर्षं झाली होती आणि गोवा अजून पोर्तुगालकडे होता. भारतीय हद्दीतली चर्च पणजीच्या छायेखाली ठेवणं कोणालाच सोयीचं राहिलं नव्हतं. मायकल रॉड्रिग्ज हे पहिले बिशप झाले. दोनच वर्षांत, १९५५ मध्ये, सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि गोव्याची सीमा बंद झाली. बेळगाव हे गोवा मुक्तिलढ्याचं एक ठाणंच होतं, आणि डिसेंबर १९६१ ची लष्करी मोहीमही इथूनच हलली. मधल्या वर्षांत ज्या फादरांचं घर घाटाखाली होतं त्यांच्या मनाची काय अवस्था झाली असेल! आई तिकडे, धर्मग्राम (एका चर्चची वस्ती) इकडे, आणि गोव्याचा पाद्री म्हणून काही नजरांत संशय. तरी ते राहिले. याच १९५५ मध्ये कँडीची पेपल सेमिनरी पुण्याला आली आणि धर्मगुरूंच्या शिक्षणाचा ओघ हळूहळू देशाच्या आतल्या बाजूला वळला.

दुसरी रेघ ओढली गेली १ नोव्हेंबर १९५६ रोजी. बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, चंदगड तालुका मुंबई राज्यात राहिला. त्यानंतरचं सीमाभागातल्या वाचकाला वेगळं सांगायला नको. सीमावादावरच्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, सर्वोच्च न्यायालयातला दावा २००४ चा, आणि घराघरात भाषेचं दुखणं.

या दुखण्यातच चर्चच्या भाषेचा प्रश्न उभा राहिला. १९६३ च्या डिसेंबरात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेचा दस्तऐवज मंजूर केला आणि मिस्सा लोकभाषेत करायची वाट मोकळी झाली. तोवर ती लॅटिनमध्ये होती. कुणालाच कळत नव्हती, त्यामुळे कुणाचीच तक्रार नव्हती. आता वेदीमागे, लोकांकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या फादरांनी कोणत्या भाषेत बोलायचं? घरात कोकणी, शेजारात आणि शाळेत मराठी, कचेरीत कन्नड, कॅम्पात इंग्रजी. पुण्यात किंवा मडगावात हा प्रश्न एवढा अवघड झाला नाही. इथे मात्र एक भाषा निवडली की बाकीच्या दुखावणार होत्या.

खरं तर मराठी इथल्या ख्रिस्ती भक्तीला नवखी नव्हती. फादर थॉमस स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं ते मराठी ओव्यांत. १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषांवर बंदीचा हुकूम काढला आणि तो धागा क्षीण झाला. पण कन्नडही इथल्या मातीतलीच. बैलहोंगल तालुक्यातल्या देशनूरला येशूसंघाच्या (जेझुइट संघाच्या) काही धर्मगुरूंनी भगवी वस्त्रं घेतली, शाकाहार पत्करला आणि मठाच्या धर्तीवर आश्रम चालवला, कारण भोवतालचा लिंगायत समाज साधुत्व त्याच रूपात ओळखत होता. स्वामी अमलानंद हे त्यातलं नाव. हा मार्ग सगळ्यांना पटला असं नाही, पण लोकांच्या डोळ्यांनी स्वतःकडे पाहण्याची ती फार प्रामाणिक धडपड होती आणि मला ती मोलाची वाटते.

सीमाभागातल्या गावच्या फादरांनी यातून जो तोडगा काढला तो कुठल्या परिपत्रकात लिहिलेला नाही. सगळ्याच भाषा शिकायच्या. एक मिस्सा कोकणीत, एक मराठीत किंवा कन्नडमध्ये, प्रवचनात मधेच दुसऱ्या भाषेतलं वाक्य. आमच्या फादरांच्या मेजावर एक वही असायची. मधोमध आखलेल्या पानावर डावीकडे मराठी शब्द, उजवीकडे देवनागरीत लिहिलेला कन्नड उच्चार. सत्तरी ओलांडली तरी आदल्या रात्री ते ती वही उघडून म्हणायचे आणि अडलं की शेजारच्या कन्नड शाळेतल्या शिक्षकांना घरी जाऊन विचारायचे. ‘तुम्ही कुणाच्या बाजूचे?’ असं मोर्चाच्या दिवसांत कुणी विचारलं तर म्हणायचे, ‘बाळा, तुझी आजी आजारी आहे ना? तिच्याकडे येतो संध्याकाळी.’ आणि यायचेच.

आजारी माणसाकडे जाणं हा या सेवेचा गाभा. कणकुंबी-जांबोटीकडचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना ते किती कठीण ते कळेल. फादर गळ्यात दोरीने एक छोटी गोल डबी अडकवत. तिच्यात ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सेत आशीर्वादित झालेली भाकर, असे. वर सदरा, त्यावर प्लॅस्टिकची खोळ. डबी गळ्यात असताना ते वाटेत कुणाशी फारसं बोलत नसत. लोकांनाही ठाऊक असायचं, ते हात जोडून बाजूला होत. झोपडीत शिरल्यावर पाटावर पांढरा रुमाल, मेणबत्ती, तेलाची कुपी. म्हातारीच्या कपाळाला आणि तळहातांना तेल लावून प्रार्थना झाली की तिथेच बसून कोरा चहा प्यायचे आणि घरातल्या मुलाच्या रेशनकार्डाचा, गुणपत्रिकेचा विषय काढायचे. तहसीलदार कचेरीतला अर्ज लिहून देणं हेही त्यांच्या लेखी त्याच भेटीचा भाग होतं.

१९७६ मध्ये उत्तर कन्नड जिल्ह्यासाठी कारवारचा धर्मप्रांत वेगळा झाला. बेळगावचे बिशप बर्नार्ड मोरास आणि पीटर मचाडो पुढे बेंगळुरूचे महागुरुस्वामी झाले. त्यांची नोंद सगळीकडे आहे. गावच्या फादरांची नोंद फक्त चर्चच्या बाप्तिस्मा, लग्न आणि मृत्यूच्या रजिस्टरांत मिळते, तीही प्रत्येक नोंदीखालच्या सहीपुरती. जुन्या नोंदी पोर्तुगीज आणि लॅटिनमध्ये, मग इंग्रजीत. वाळवी आणि ओल यांतून जी पानं टिकली आहेत ती पाहिली तर एकाच हाताची सही वीस-पंचवीस वर्षं ओळीने सापडते. बाप्तिस्मा दिलेल्या मुलीचं लग्न त्याच सहीने लागलेलं असतं, आणि तिच्या आजीची मातीही त्याच सहीने दिलेली असते. पुष्कळ धर्मग्रामांत ही रजिस्टरं अजून लाकडी कपाटात आहेत आणि त्या सह्या कुणाच्या हे चेहऱ्यानिशी सांगू शकणारी माणसं आज ऐंशीच्या घरात आहेत.