उटण्याने न जाणारा मळ

नरकचतुर्दशीची पहाट. इंदूरला रामबागेतल्या आत्याच्या घरी मोरीत पाट मांडलेला, आणि आत्या नातवाची मान उटण्याने खसाखसा घासतेय. "चौदा वर्षांचा घोडा झालास, मान धुता येत नाही?" पोरगा कळवळतोय. मान लालबुंद झाली, पण काळपट पट्टा जिथल्या तिथे. बाहेर तेरा वर्षांच्या नातीने चकलीचा डबा उघडला, तर तिची आई लगेच म्हणाली, "बास हं! आधीच सगळे ड्रेस उसवायला आलेत."

मी शाळेत जीवशास्त्र शिकवतो, त्यामुळे फराळाच्या वेळी गप्प बसायला हवं हे मला कधी जमत नाही. सगळ्या घराचा डोळा नातीच्या कमरेवर होता आणि नातवाच्या मानेवर फक्त मळ दिसत होता. नेमकं उलटं चाललं होतं.

आधी नातीचं बघू. मुली साधारण 8 ते 13 आणि मुलगे 9 ते 14 या वयात केव्हातरी वयात यायला लागतात. तोवर दोघांच्या अंगातल्या चरबीत फारसा फरक नसतो, मुलींची थोडी जास्त असते इतकंच. मग वाटा फुटतात. मुलीच्या अंगात इस्ट्रोजेन हे संप्रेरक वाढतं आणि मांड्या, नितंब, छाती इथे कातडीखाली चरबी साठू लागते. वाढ पुरी होईतो वजनाचा जवळपास चौथा हिस्सा चरबीचा होतो. मुलग्यात टेस्टोस्टेरॉन स्नायू आणि हाडं वाढवतं, त्यामुळे एकूण वजनात चरबीचा वाटा उतरतो. म्हणजे नातीचे ड्रेस उसवताहेत ते चकल्यांमुळेच असं नाही. शरीर ठरल्या वेळी ठरलेलं काम करतंय.

ही चरबी नुसती पडून राहत नाही, ती बोलते. 1994 मध्ये न्यूयॉर्कला जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत लेप्टिन सापडलं. चरबीच्या पेशी हे संप्रेरक रक्तात सोडतात आणि मेंदूला कोठारात साठा किती आहे ते कळतं. साठा पुरेसा नसेल तर मेंदू पाळीचं चक्र सुरू करायला तयार होत नाही. अति उपास किंवा अति व्यायाम करणाऱ्या मुलींची पाळी थांबते, त्यामागे हेच आहे. मेंदूत पुढची कळ दाबणाऱ्या रेणूचं नाव किसपेप्टिन. त्याचा जनुक अमेरिकेत हर्शी गावी सापडला आणि तिथल्या 'किसेस' चॉकलेटवरून नाव पडलं. इंदूरला सापडला असता तर आज आपण जिलबिन म्हणत असतो!

आता नातू. वयात येताना प्रत्येक मुला-मुलीच्या शरीरात, अगदी काटकुळ्यासुद्धा, इन्सुलिनचा, म्हणजे पेशींना साखर आत घ्यायला सांगणाऱ्या संप्रेरकाचा, प्रभाव कमी होतो. मधल्या टप्प्यावर तो साधारण तिसऱ्या हिश्श्याने घटलेला असतो. एका हाकेला उठणारं पोर या वयात तीन हाका मारल्याशिवाय हलत नाही, तसंच पेशींचं. या काळात भरपूर पाझरणारं वाढीचं संप्रेरक याचं मोठं कारण. मग स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडून वेळ निभावून नेतं आणि वाढ संपत आली की बहुतेकांची गाडी रुळावर येते. लहानपणापासून मधुमेहाची इंजेक्शनं घेणाऱ्या मुलांचा डोस या वर्षांत वाढवावा लागतो, तो याचमुळे.

घोळ होतो तो चरबी पोटाच्या आत, आतड्यांभोवती आणि यकृतात साठली की. आतड्यांभोवतीच्या चरबीतून सुटणारी आम्लं थेट यकृतात उतरतात आणि तेही इन्सुलिनला जुमानेनासं होतं. वयाचा अडथळा तात्पुरता असतो, हा चरबीचा जादा अडथळा टिकतो. रक्तात इन्सुलिन चढतं राहतं आणि मानेच्या, काखेच्या त्वचेतल्या पेशी त्यालाच वाढीचा इशारा समजतात. त्वचा जाड, मखमली, काळी होते. डॉक्टर याला अकॅन्थोसिस निग्रिकन्स म्हणतात. उटणं, डाळीचं पीठ, लिंबू, कशाचाही उपयोग नाही, कारण तो मळ नाहीच.

"पण तो कुठे जाड आहे?" आत्याचा सवाल रास्त होता. हात-पाय काड्यांसारखे, पोट तेवढं पुढे. पुण्याचे डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच, 22.3. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2! पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांतही याज्ञिकांना हेच दिसलं होतं: वजन कमी, स्नायू कमी, चरबी मात्र टिकून. देशभर 2016 ते 2018 मध्ये झालेल्या पोषण सर्वेक्षणात 10 ते 19 वयोगटात जास्त वजनाची मुलं 20त 1 होती, पण मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेली 10त 1. आपला वजनकाटा निम्मी गोष्ट सांगतो, ती अशी.

म्हणून मी आत्याच्या शिवणाच्या डब्यातली टेप मागितली. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी, हा ढोबळ पण कामाचा नियम. नात: उंची 154, कंबर 68. ठीक. नातू: उंची 158, कंबर 84, निम्मे 79. चकलीचा डबा मी नातीकडे सरकवला.

नातवाची रक्ततपासणी झाली. उपाशीपोटीची साखर 97, म्हणजे नॉर्मल. तीन महिन्यांची सरासरी सांगणारा आकडा मात्र 5.8, आणि 5.7पासून उंबरठा सुरू होतो. डॉक्टरांनी गोळी दिली नाही. नववीपासून कोचिंगपायी बंद झालेलं संध्याकाळचं क्रिकेट सुरू करायला सांगितलं. कामाला लागलेला स्नायू इन्सुलिनच्या हाकेची वाट न बघता साखर आत ओढतो, आणि स्नायू वाढले की ती ठेवायला जागाही वाढते. रात्री सराफा बाजारातलं खाणं महिन्यातून एकदा. पोह्यांवरची शेव तशीच ठेवली. इंदुरात तेवढं मागायची डॉक्टरांचीही हिंमत झाली नसावी.

इन्सुलिन उतरलं तर मानेचा रंगही हळूहळू उतरतो, पण त्याला महिने लागतात. परवा गेलो तर पोरगा बॅट घेऊन बाहेर पळत होता आणि आत्या लिंबाची फोड हातात घेऊन त्याच्या मानेकडे बघत उभी होती.