तोल, कर्णबधिर मुलांमधील

ऐकण्याची शंखनलिका आणि तोल सांभाळणारी इंद्रिये अंतर्कर्णात एकमेकांना लागूनच असतात. दोहोंचे संदेश आठव्या मस्तिष्क-तंत्रिकेतून मेंदूकडे जातात. तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोके वळल्याची, तर दोन लहान कोश गुरुत्वाची व सरळ रेषेतील गतीची जाणीव देतात. म्हणूनच अंतर्कर्णजन्य बहिरेपण असलेल्या मुलांत तोलाचे दोष बरेचदा सापडतात. त्यांचे प्रमाण चाचणी व वयोगटानुसार २० ते ७० टक्के, असे फार विखुरलेले दिले जाते.

या अभ्यासाचा आरंभ कोठून धरावा, यावर एकमत नाही. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ फ्लूरांस यांनी १८२४ च्या सुमारास कबुतरांच्या नलिका कापून पाहिल्या, पण त्यांना तोलाचे इंद्रिय म्हणण्यापर्यंत ते गेले नाहीत. ते काम १८७० नंतर माख, ब्रॉयर आणि क्रम ब्राउन या तीन शास्त्रज्ञांनी जवळजवळ एकाच वेळी केले. कर्णबधिरांपुरते बोलायचे तर आरंभाचा मान अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांच्या १८८२ च्या निबंधाला देणे अधिक योग्य. त्यांनी नोंदवलेल्या ५१९ मूकबधिरांपैकी १८६ जणांना गरगर फिरूनही घेरी आली नाही आणि १३४ जणांना जेमतेम आली; हार्वर्ड विद्यापीठातील सुमारे दोनशे जणांत मात्र घेरी न येणारा एकच निघाला. घेरी न येणे ही तोलाचे इंद्रिय काम करत नसल्याची खूण.

तोल बिघडण्याचे कारणही वादाचे आहे. ऐकू न येणे, खेळाची संधी कमी मिळणे यांना काही अभ्यासक जबाबदार धरतात. परंतु क्रो व होराक (१९८८) यांना तोलेंद्रिय शाबूत असलेल्या कर्णबधिर मुलांचे कारक (हालचालींचे) कौशल्य सर्वसाधारण आढळले. त्यामुळे दोष मुख्यतः इंद्रियाचाच, हे मत सबळ वाटते. मेंदूज्वर, सायटोमेगॅलो विषाणूचा जन्मजात संसर्ग, जेंटामायसिनसारखी प्रतिजैविके आणि अशर लक्षणसमूहाचा (बहिरेपणासोबत दृष्टीही मंदावणारा आनुवंशिक विकार) पहिला प्रकार ही ठळक कारणे. अशरच्या या प्रकारात मूल सहसा दीड वर्षानंतर चालू लागते.

उणीव दिवसाउजेडी झाकली जाते. डोळे आणि पायांचे सांधे भरपाई करतात, त्यामुळे असे मूल सपाट जमिनीवर नीट चालते. तेच मूल फोमच्या गादीवर डोळे मिटून उभे केले की कलते. बाळांची नेहमीची श्रवणचाचणी ऐकण्यापुरतीच असल्याने तोलाची तपासणी वेगळी सांगून करून घ्यावी लागते. गढूळ पाण्यात बुडी मारल्यावर वर कोणते, खाली कोणते हे अशा मुलाला उमगत नाही. ठाण्यासारख्या तलावांच्या शहरात ही गोष्ट पालकांच्या कानावर घालायलाच हवी.

मुलांच्या आरोग्यतपासणीच्या सरकारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात (२०१३) जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे. नवी मुंबई महापालिकेचे दिव्यांग मुलांसाठीचे ईटीसी केंद्र वाशीत आहे. श्रवणविषयक राष्ट्रीय संस्था (१९८३) वांद्र्याला असून ठाणेकरांना लोकल बदलून तेथे जावे लागते. तोलाच्या दोषावर उपचार व्यायामांचा: नजर एका जागी खिळवून डोके हलवणे, मऊ पृष्ठभागावर चालणे.