डॉक्टरांची नियतकालिक पात्रता-तपासणी

डॉक्टरचे ज्ञान, कसब, सचोटी आणि स्वतःची प्रकृती रुग्णसेवेला अजून पुरेशी आहे का, हे नोंदणीनंतरही ठरावीक काळाने पडताळून पाहण्याची पद्धत. पदवी एकदाच मिळते. औषधे, उपचार आणि डॉक्टरचे वय मात्र बदलत राहते.

महाराष्ट्रात अ‍ॅलोपॅथीच्या डॉक्टरांची नोंदणी १९६५च्या कायद्यानुसार महाराष्ट्र वैद्यक परिषद करते. नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण होते आणि त्यासाठी निरंतर वैद्यकीय शिक्षणाचे तास भरावे लागतात. डॉक्टरांसाठीच्या २००२च्या आचारनियमांत पाच वर्षांना किमान ३० तास सांगितले आहेत. सोलापुरात १९६३ साली सुरू झालेले डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि इंडियन मेडिकल असोसिएशनची शाखा ही अशा शिक्षणाची स्वाभाविक ठिकाणे.

मात्र व्याख्यानाला हजर राहणे म्हणजे तपासणी नव्हे. शल्यविशारदाचा हात स्थिर आहे का, नजर साथ देते का, जुनी औषधे तो सवयीने लिहीत राहिला आहे का, यांपैकी काहीही त्या तासांवरून कळत नाही. ब्रिटनमध्ये डिसेंबर २०१२पासून दरवर्षी कामाचा आढावा घेतला जातो, रुग्णांचे आणि सहकाऱ्यांचे अभिप्राय मागवले जातात आणि साधारण पाच वर्षांनी परवाना पुढे चालू ठेवायचा की नाही ते ठरते. आपल्याकडे अशा तपासणीची उणीव गंभीर आहे, कारण बहुतेक खासगी डॉक्टर एकट्यानेच दवाखाना चालवतात आणि त्यांचे काम जवळून पाहणारा सहकारी नसतो.

मग उरते तक्रार. ती आल्यावर परिषद चौकशी करते. दोष सिद्ध झाला तर ताकीद देते किंवा नोंदवहीतून नाव काही काळ वा कायमचे काढते. परिषदेचे कार्यालय मुंबईत, म्हणजे सोलापूरकराला सिद्धेश्वर एक्स्प्रेसची एक रात्र. विड्या वळणाऱ्या किंवा यंत्रमागावर काम करणाऱ्या, घरी तेलुगू वा कन्नड बोलणाऱ्या माणसाला तक्रार लिहिणेच अवघड. त्यात दिवसाची मजुरीही बुडते. मात्र दोन हक्क त्याच्या हाती आहेत. नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावणे आणि औषधाच्या चिठ्ठीवर व पावतीवर लिहिणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. उपचारांची कागदपत्रे मागितली तर ती ७२ तासांत द्यावी लागतात. ‘सिव्हिल’मध्ये, म्हणजे सरकारी रुग्णालयात, किंवा गल्लीतल्या दवाखान्यात ती मागताना संकोच वाटू नये, पुढच्या डॉक्टरला आधीचे उपचार त्यांवरूनच कळतात.