रेड फ्लॅग आदेश: घरातल्या माणसाजवळची बंदूक काढून घेण्यासाठी अमेरिकेत कोर्टाकडे अर्ज कसा करायचा

अमेरिकेतल्या मराठी घरांत बंदुकीचा विषय निघतो तो बहुधा एखाद्या शाळेतल्या गोळीबाराची बातमी आल्यावर. पण तिथे बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. २०२१ साली असे ४८,८३० मृत्यू झाले आणि त्यांतल्या २६,३२८ आत्महत्या होत्या. नोकरी गेलेला भाऊ, संसार मोडलेला मित्र, खोलीबाहेर न येणारा मुलगा निरवानिरवीचे बोलू लागतो आणि त्याच्याजवळ पिस्तूल आहे हे घरच्यांना ठाऊक असते. अशा वेळी कोर्टात जाऊन ती बंदूक काही काळासाठी काढून घेण्याचा आदेश, म्हणजेच ‘रेड फ्लॅग’ (धोक्याचा इशारा) आदेश, मागता येतो, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते.

जीव आत्ताच धोक्यात असेल तर अर्जाचा विचार बाजूला ठेवून ९११ ला फोन करा. आत्महत्येचे विचार बोलून दाखवले जात असतील तर ९८८ ही मदतवाहिनी चोवीस तास सुरू असते. खालची माहिती थोडी उसंत आहे अशा परिस्थितीसाठी आहे.

हा आदेश आला कुठून

कनेक्टिकटने १९९९ साली असा पहिला कायदा केला. आता वीसहून अधिक राज्यांत तो आहे. कोर्ट ठरावीक काळासाठी त्या व्यक्तीकडची शस्त्रे काढून घेते आणि नवी विकत घ्यायला मनाई करते. हा दिवाणी आदेश आहे. त्यासाठी गुन्हा घडलेला असावा लागत नाही आणि आदेश निघाला म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही.

अर्जातल्या अटी पहिल्यांदा वाचताना जाचक वाटतात. त्यामागची तडजोड कळली की त्या समजतात. फ्लोरिडात पार्कलंडच्या शाळेत १४ फेब्रुवारी २०१८ रोजी १७ जण मारले गेले. राज्यात सत्ता बंदूक बाळगण्याच्या हक्काची बाजू घेणाऱ्या रिपब्लिकन पक्षाची होती, तरी गव्हर्नर रिक स्कॉट यांनी ९ मार्चला कायद्यावर सही केली. बंदूक खरेदीचे वय २१ झाले, रेड फ्लॅग आदेश आला आणि त्याच कायद्यात शाळेतल्या काही कर्मचाऱ्यांना शस्त्र बाळगू देण्याची योजनाही आली. ती योजना डेमोक्रॅट्सना नको होती आणि वयाची अट नॅशनल रायफल असोसिएशन या बंदूकधारकांच्या संघटनेला नको होती. असोसिएशन त्याच दिवशी कोर्टात गेली.

देशपातळीवर हेच २०२२ साली घडले. त्या मे महिन्यात बफेलोच्या दुकानात १० माणसे आणि टेक्सासमधल्या युवाल्डीच्या शाळेत १९ मुले व २ शिक्षिका मारल्या गेल्या. त्यानंतर डेमोक्रॅट क्रिस मर्फी आणि कर्स्टन सिनेमा, रिपब्लिकन जॉन कॉर्निन आणि थॉम टिलिस असे चार सिनेटर वाटाघाटीला बसले. अध्यक्ष बायडन यांना असॉल्ट रायफलींवर बंदी हवी होती, ती मिळाली नाही. सगळ्या देशाला लागू होणारा रेड फ्लॅग कायदाही झाला नाही. त्याऐवजी राज्यांना पाच वर्षांत ७५ कोटी डॉलर द्यायचे ठरले. ज्या राज्याला असा कायदा नको असेल त्याने तो पैसा व्यसनमुक्ती किंवा मानसिक आरोग्यासाठीच्या विशेष कोर्टांवर खर्च करावा. ज्याला हवा असेल त्याने समोरच्या माणसाला नोटीस, सुनावणी, आपला वकील उभा करण्याचा हक्क आणि साक्षीदारांना उलट प्रश्न विचारण्याचा हक्क द्यावा, आणि खोट्या अर्जाला शिक्षा ठेवावी. सिनेटमध्ये १५ रिपब्लिकनांनी बाजूने मत दिले, विधेयक ६५ विरुद्ध ३३ ने मंजूर झाले आणि २५ जूनला कायदा झाला. वाटाघाटी चालू असतानाच कॉर्निन यांची त्यांच्याच पक्षाच्या टेक्सासमधल्या अधिवेशनात हुर्यो उडवण्यात आली होती.

दोन्हीकडचे कडवे लोक या कायद्यावर नाराज राहिले. मला तो फार मोलाचा वाटतो. ‘उद्या कोणी सूडाने माझ्याविरुद्ध अर्ज केला तर?’ ही बंदूकधारकाची भीती खोटी नव्हती, आणि ‘आम्हाला सगळे दिसत होते पण कोणी ऐकून घेईना’ हे आईबापांचे दुःखही खोटे नव्हते. या अर्जात दोन्हींना जागा मिळाली आहे.

अर्ज कोण करू शकतो: कॅलिफोर्नियाचे उदाहरण

नियम राज्यागणिक बदलतात. बे एरिया आणि लॉस एंजेलिसकडे मराठी वस्ती मोठी आहे, म्हणून कॅलिफोर्निया तपशिलात घेऊ. २०१४ साली आयला व्हिस्टा इथे एका तरुणाने सहा जणांना मारले. त्याच्या घरच्यांनी आधीच काळजी कळवली होती, पोलीस त्याच्या दारापर्यंत जाऊनही आले होते, पण पुढे काही करायला कायदाच नव्हता. तो त्याच वर्षी झाला आणि १ जानेवारी २०१६ पासून लागू आहे.

पती-पत्नी, आईवडील, मुले, भावंडे, आजी-आजोबा, सासरचे जवळचे नातेवाईक अर्ज करू शकतात. एका घरात राहणारे किंवा गेल्या सहा महिन्यांत राहिलेले, म्हणजे रूममेटसुद्धा, करू शकतात. कामाच्या ठिकाणचा मालक करू शकतो. सहकाऱ्याचा मात्र त्या व्यक्तीशी किमान वर्षभर नियमित संबंध असावा लागतो आणि मालकाची संमती लागते. शिक्षकाला शाळेच्या किंवा कॉलेजच्या प्रशासनाची संमती लागते. पोलीस स्वतःहूनही अर्ज करतात. घरच्यांना पुढे यायचे नसेल तर पोलिसांना विनंती करणे हाच चांगला मार्ग, कारण अर्जदाराचे नाव समोरच्याला कळते.

अर्जदार नागरिक असण्याची अट नाही.

कागदपत्रे

मुख्य अर्ज म्हणजे जीव्ही-१०० (GV-100) हा फॉर्म. त्याच्यासोबत सुनावणीच्या नोटिशीचा जीव्ही-१०९, तात्पुरत्या आदेशाचा जीव्ही-११० आणि पोलिसांच्या नोंदीसाठीचा गोपनीय माहितीचा फॉर्म भरायचा. हे सगळे कोर्टाच्या संकेतस्थळावर आणि कोर्टाच्या मदतकक्षात फुकट मिळतात. फी काहीही नाही.

खरे वजन असते ते तुमच्या निवेदनाला. ते शपथेवर असते. ‘तो हल्ली विचित्र वागतो’ एवढ्याने काही होत नाही. कोणत्या तारखेला, कुठे, काय शब्द वापरले, कोण हजर होते, हे लिहा. धमकी मराठीत दिली असेल तर मूळ शब्द आणि खाली त्यांचे इंग्रजी भाषांतर द्या. व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश तारखेसकट छापून जोडा. आवाजी संदेश, फोटो, आधी पोलिसांना बोलावले असेल तर त्या तक्रारीचा क्रमांक, हेही जोडा. अलीकडे घेतलेले शस्त्र, दारूचे किंवा अमली पदार्थांचे व्यसन, आधीच्या मनाई आदेशाचा भंग या गोष्टी न्यायाधीश विचारात घेतात. शस्त्रे कोणती, किती आणि घरात नेमकी कुठे ठेवली आहेत हे ठाऊक असेल तितके लिहा, कारण ती ताब्यात घ्यायला जाणाऱ्या पोलिसांच्या सुरक्षेचा प्रश्न असतो.

खोटे लिहिणे किंवा छळण्यासाठी अर्ज करणे हा गुन्हा आहे.

पुढे काय होते

अर्ज आपल्या काउंटीच्या (जिल्ह्याच्या) सुपीरियर कोर्टात द्यायचा. न्यायाधीश त्याच दिवशी किंवा कामकाजाच्या दुसऱ्या दिवशी तो पाहतात आणि पटले तर तात्पुरता आदेश देतात. शेरीफ, म्हणजे काउंटीचा पोलीसप्रमुख, तो विनामूल्य बजावतो. पोलिसांनी मागितल्यास शस्त्रे आणि काडतुसे तिथल्या तिथे द्यावी लागतात, नाहीतर २४ तासांत पोलिसांकडे किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून ४८ तासांत त्याची पावती कोर्टात द्यावी लागते.

२१ दिवसांच्या आत सुनावणी होते. तिथे पुराव्याची पातळी वाढते: धोका आहे हे स्पष्ट आणि खात्री पटण्याजोग्या पुराव्याने दाखवावे लागते. म्हणून साक्षीदाराला सोबत न्या, आणि दुभाषा हवा असेल तर आधीच मागा. समोरच्या व्यक्तीला लेखी उत्तर देण्याचा आणि आपली बाजू मांडण्याचा पूर्ण हक्क असतो. अंतिम आदेश एक ते पाच वर्षांचा असतो. धोका टळला आहे असे म्हणून तो रद्द करून घेण्यासाठी ती व्यक्ती दरवर्षी एकदा अर्ज करू शकते. मुदत संपायच्या आधीच्या तीन महिन्यांत तुम्हाला नूतनीकरण मागता येते.

आदेश मोडणे हा गुन्हा आहे. व्हिसावर असलेल्यांना त्याचे परिणाम इमिग्रेशनमध्येही भोगावे लागू शकतात, तेव्हा वकिलाशी बोला. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर मुळात बंदूक बाळगताच येत नाही. ग्रीन कार्डधारकांना येते.

इतर राज्यांत

न्यू जर्सीत घरचे लोक आणि पोलीस अर्ज करू शकतात आणि तिथला अंतिम आदेश कोर्टाने उठवेपर्यंत चालू राहतो. न्यूयॉर्कमध्ये शाळेचे अधिकारी आणि आरोग्यसेवकही अर्ज करू शकतात, आदेश एक वर्षापर्यंतचा. फ्लोरिडात अर्ज फक्त पोलिसांनाच करता येतो. घरच्यांनी पुरावे घेऊन त्यांच्याकडे जायचे.

टेक्सासमध्ये हा कायदा नाही. तिथे ९११ ला फोन करताना मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण घेतलेला अधिकारी पाठवा असे स्पष्ट सांगा. अशा आणीबाणीत पोलीस एखाद्या व्यक्तीला उपचारासाठी ताब्यात घेतात तेव्हा तिच्याजवळ सापडलेली बंदूकही जप्त करू शकतात.