लिनक्स कर्नेलच्या ऑडिट यंत्रणेत बदल सुचवण्याची प्रक्रिया: पात्रता, कागदपत्रे आणि छाननी

लिनक्स कर्नेलच्या, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याच्या, ऑडिट यंत्रणेत बदल सुचवायचा असेल, तर त्यासाठी कुठली खिडकी नाही, छापील अर्ज नाही आणि शुल्कही नाही. तरीही प्रक्रिया ठरलेली आहे आणि ती न पाळता पाठवलेला बदल बहुधा पुढे सरकत नाही. २००४ साली कर्नेलच्या २.६ मालिकेत आलेली ही यंत्रणा कोणत्या वापरकर्त्याच्या कोणत्या प्रोसेसने कोणता सिस्टम कॉल (कर्नेलकडे कामाची मागणी) केला, कोणती फाइल उघडली आणि ते काम सफल झाले की नाही, याची नोंद तयार करून ती ऑडिटडी या सेवेकडे सोपवते. पुढे सुरक्षा तपासणीत याच नोंदी पुरावा म्हणून वाचल्या जातात. त्यामुळे इथल्या छाननीत कोड नीट चालतो का, हा प्रश्न अर्धाच असतो. नोंदीची ओळ बदलते का आणि बदलत असेल तर कशासाठी, हा उरलेला अर्धा बहुतेक वेळा जास्त अवघड जातो.

पात्रता

बदल कोणीही सुचवू शकतो. पदवी, अनुभवाची वर्षे किंवा शिफारसपत्र विचारले जात नाही. मात्र निनावी राहता येत नाही. पॅचच्या, म्हणजे कोडमधला बदल दाखवणाऱ्या मजकुराच्या, वर्णनाखाली नाव आणि ईमेल देऊन ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही ओळ लिहावी लागते. ती शिष्टाचाराची वाटली, तरी प्रत्यक्षात ते स्वयंघोषणापत्र आहे: हा कोड माझा आहे किंवा योग्य परवान्याखाली मला मिळालेला आहे, तो देण्याचा मला अधिकार आहे आणि माझ्या नावासह ही नोंद कायमची सार्वजनिक राहणार हे मला मान्य आहे. कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिट या साधनात बदल नोंदवताना ‘गिट कमिट’ला ‘-एस’ हा पर्याय दिला की ही ओळ आपोआप उमटते, आणि म्हणूनच बरेच जण मजकूर न वाचता सही ठोकून मोकळे होतात. आपल्याकडच्या नोकरदारांनी इथे थोडे थांबावे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, वेगळा करार नसेल तर, नोकरीच्या ओघात केलेल्या कामाचा पहिला मालक नोकरी देणारा असतो. तेव्हा हिंजवडीच्या कार्यालयात बसून लिहिलेला पॅच पाठवण्याआधी कंपनीची लेखी परवानगी घेतलेली बरी.

कागदपत्रे

मुख्य कागद म्हणजे पॅच, आणि तो साध्या मजकुराच्या ईमेलमध्येच जायला हवा. जोडपत्र किंवा सजवलेला ईमेल चालत नाही. माझा पहिला पॅच कार्यालयाच्या मेल-प्रोग्रॅममधून गेला, वाटेत सगळ्या टॅबच्या जागी स्पेस आल्या आणि तो कोणालाच लावता आला नाही. ‘गिट सेंड-ईमेल’ वापरले की हा घोळ टळतो. विषयाची सुरुवात ‘ऑडिट:’ अशी करावी. वर्णनात आधी अडचण आणि मग उपाय लिहावा. चूक दुरुस्त होत असेल तर ज्या कमिटने ती आणली त्याच्या ओळखक्रमांकाची पहिली १२ अक्षरे आणि त्याचे शीर्षक ‘फिक्सेस’ या ओळीत द्यावे. पाठवण्यापूर्वी कर्नेलसोबत येणारी ‘चेकपॅच’ ही स्क्रिप्ट चालवावी, आणि ईमेल कोणाला पाठवायचा हे ‘गेट-मेंटेनर’ या दुसऱ्या स्क्रिप्टला विचारावे.

याखेरीज ऑडिटसाठी लागणारा आणि सर्वांत जास्त विसरला जाणारा कागद म्हणजे नोंदीचा नमुना. बदलापूर्वीची ओळ आणि बदलानंतरची ओळ, दोन्ही वर्णनात द्याव्यात, कारण परीक्षक आधी तिकडेच पाहतो. नोंदीतले रकाने ‘नाव=किंमत’ अशा जोड्यांचे असतात आणि कित्येक साधने ते ठराविक क्रमाने वाचतात. म्हणून असलेला रकाना काढू नये, त्याचे नाव बदलू नये, आणि नवा रकाना शेवटी जोडावा. नोंदीचा नवा प्रकारच हवा असेल तर त्याचा क्रमांक ठरलेल्या गटातून घ्यावा लागतो: १३०० ते १३९९ ऑडिट घटनांसाठी, १४०० पासूनचे शतक एसईलिनक्स या सुरक्षा यंत्रणेसाठी, १८०० पासूनचे अखंडतेच्या तपासणीसाठी.

बाहेरून आलेला मजकूर कसा छापला जातो, यावरही हमखास बोट ठेवले जाते. फाइलचे नाव वापरकर्ता ठरवतो; त्यात त्याने नवी ओळ आणि एखादा खोटा रकाना घुसवला तर बनावट नोंद तयार होईल. म्हणून अशा मजकुरात अवतरणचिन्ह, मोकळी जागा, नियंत्रणचिन्ह किंवा साध्या आस्कीबाहेरचे (मूळ इंग्रजी अक्षरसंचाबाहेरचे) अक्षर आढळले, तर कर्नेल तो संपूर्ण मजकूर हेक्स (सोळा-आधारी) अंकांत लिहितो. ‘पगार’ नावाची फाइल उघडून पाहा: नोंदीत १२ बाइटांचे २४ हेक्स अंक दिसतात, आणि नोंदी शोधणाऱ्या ‘ऑसर्च’ला ‘-आय’ दिल्यावरच त्यांचे पुन्हा देवनागरी होते. नव्या कोडमध्ये असा मजकूर थेट छापलेला आढळला, तर पॅच तिथेच परत येतो, आणि ते योग्यच आहे.

छाननी

ऑडिट विभागाची धुरा पॉल मूर सांभाळतात. प्रश्न येतील ते बहुधा स्मृती आणि वेग यांविषयी. ऑडिटडीकडे जाणाऱ्या रांगेत किती नोंदी साठाव्यात याची मूळ मर्यादा ६४ आहे. ती ओलांडली आणि नोंद हरवली, तर प्रशासकाच्या आदेशानुसार कर्नेल गप्प राहतो, इशारा छापतो किंवा चक्क यंत्र थांबवतो. हा तिसरा पर्याय निवडणारी मंडळी खरोखर आहेत, आणि त्यांच्यासाठी स्मृती न मिळाल्याच्या वाटेवरची छोटी चूकही सर्व्हर बंद पाडू शकते. चाचणीसाठी ऑडिट-टेस्टसूट हा स्वतंत्र संच आहे. नव्या वैशिष्ट्यासोबत त्यात चाचणी जोडणे अपेक्षित असते.

छाननीला वेळ लागतो, आणि कधी कधी यंत्रणेतले भगदाडच उशिरा बुजते. आयओ-यूरिंग ही वाचन-लेखनासारखी कामे रांगेतून मागवण्याची सोय कर्नेलच्या ५.१ आवृत्तीत, २०१९ साली आली. त्यातून मागवलेली कामे प्रत्येकी वेगळा सिस्टम कॉल न करता पार पडत असल्याने ती ऑडिटच्या नेहमीच्या वाटेवर येतच नव्हती. त्यांच्यासाठी १३३६ क्रमांकाची नोंद ५.१६ मध्ये आली, म्हणजे थेट जानेवारी २०२२ मध्ये.

उत्तर आले नाही तर निदान एक आठवडा थांबून नम्रपणे आठवण करावी. त्रुटी निघाल्यास दुसरी आवृत्ती ‘व्ही२’ अशा खुणेने पाठवावी आणि काय बदलले ते तीन आडव्या रेघांखाली लिहावे, म्हणजे तो मजकूर कायमच्या इतिहासात जात नाही. कोणी ‘रिव्ह्यूड-बाय’ दिले असेल तर ते पुढच्या आवृत्तीत न्यावे. मात्र कोड बराच बदलला असेल तर जुना शेरा स्वतःहून काढून टाकावा. मंजूर बदल आधी ऑडिटच्या ‘डेव्ह’ शाखेत जातो, लिनक्स-नेक्स्टमध्ये इतर विभागांच्या बदलांसोबत तपासला जातो आणि पुढची दोन आठवड्यांची मर्ज विंडो (नवे बदल मुख्य शाखेत घेण्याचा काळ) उघडली की लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांच्याकडे सरकतो. त्यानंतर आवृत्ती प्रसिद्ध व्हायला साधारण सात-आठ आठवडे लागतात. गंभीर चुकीची दुरुस्ती असेल तर वर्णनात स्टेबल शाखेचा पत्ता ‘सीसी’ ओळीत लिहावा. मुख्य शाखेत पोहोचल्यावर ती जुन्या चालू आवृत्त्यांसाठीही घेतली जाते.